माथेरान : उन्हाळ्यातील माथ्यावरचे रान

एप्रिल उजाडला की ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या ग्रामीण तालुक्यांचे रूप पालटते. भातखाचरे मोकळी पडतात, ओढे आटतात, पळस-पांगाऱ्याचा बहर ओसरतो आणि दुपारच्या वेळी रस्ते निर्मनुष्य होतात. कल्याण-डोंबिवली, ठाणे, मुंबई या शहरांतील चाकरमान्यांना याच सुमारास थंड हवेच्या ठिकाणाचे वेध लागतात. महाबळेश्वर, लोणावळा ही नावे चटकन ओठांवर येतात. परंतु मुरबाडपासून सरळ रेषेत मोजल्यास जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर, नैऋत्य दिशेला पसरलेल्या सपाट माथ्याच्या डोंगरावर, पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास असलेले गिरिस्थान उभे आहे. ते म्हणजे माथेरान.

आज माथेरान रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मोडते. मात्र ज्या काळात हे गिरिस्थान वसले, त्या काळी कर्जतचा प्रदेश ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. शहापूर, मुरबाड आणि माथेरान यांचा महसुली कारभार एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून चालत असे. माथेरानची वसाहत सुरू करणारा इंग्रज अधिकारीही ठाण्याचाच जिल्हाधिकारी होता. पुढे हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे माथेरानची सहल ही ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इतिहासातील एका प्रकरणाची भेटही ठरते.

डोंगराची जडणघडण

माथेरान सह्याद्रीच्या मुख्य रांगेत नाही. मुख्य रांग मुरबाड आणि कर्जत तालुक्यांच्या पूर्व सीमेवरून गोरखगड, सिद्धगड, भीमाशंकर अशी दक्षिणेकडे उतरत जाते. माथेरानचा डोंगर तिच्यापासून सुटा पडलेला असून दोहोंच्या मध्ये उल्हास नदीचे खोरे आहे. मलंगगड, पेब, माथेरान, प्रबळ, इर्शाळ अशी ही स्वतंत्र रांग आहे. या सुटेपणामुळेच माथेरानच्या चारही बाजूंना कडे आहेत आणि कड्यांच्या टोकांवरून दूरवरचा मुलूख दिसतो. पूर्वेकडच्या टोकांवरून सह्याद्रीची भिंत, उत्तरेकडून नेरळ-कल्याणचा सखल प्रदेश आणि पश्चिमेकडून प्रबळगड व त्यापलीकडचा पनवेलचा भाग नजरेत येतो.

समुद्रसपाटीपासून माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे २,६०० फुटांच्या घरात आहे. हवेचे तापमान दर हजार मीटर चढाला साधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने पायथ्याच्या नेरळपेक्षा माथ्यावर चार-पाच अंशांचा फरक पडतो. आकड्यात हा फरक किरकोळ वाटला, तरी त्याला दाट झाडीची सावली आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची जोड मिळते. म्हणूनच मे महिन्यात मुरबाडच्या बाजारपेठेत घामाघूम झालेल्या माणसाला माथेरानच्या वाटेवर पाऊल टाकताच हायसे वाटते. दुपारचे ऊन येथेही चटका देते. परंतु संध्याकाळ आणि पहाट खऱ्या अर्थाने सुखद असतात.

डोंगराचा गाभा काळ्या कातळाचा असला तरी माथ्यावर जांभ्याचा थर आहे. माथेरानच्या प्रसिद्ध लाल मातीचे मूळ त्यातच आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि कड्यांच्या पोटातील झऱ्यांवाटे बाहेर पडते. येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते, ती यामुळेच. शहापूर तालुक्याची कथाही फारशी निराळी नाही. मुंबईला पाणी पुरवणारे १८९२ सालचे तानसा धरण आणि त्यानंतरचे भातसा धरण याच तालुक्यात आहेत. तरीही तेथील डोंगरपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भरपूर पाऊस आणि कोरडा उन्हाळा हे सह्याद्रीच्या पायथ्याचे जुने दुखणे आहे.

नाव आणि मूळचे रहिवासी

‘माथेरान’ या नावाचा सर्वांत सरळ अर्थ ‘माथ्यावरचे रान’ असा लावला जातो. काही जण त्याचा संबंध ‘मातेचे रान’ या शब्दांशी जोडतात. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी हे नाव इंग्रजांच्या आगमनाआधीचे आहे, ही गोष्ट महत्त्वाची. १८५० मध्ये माथेरानचा ‘शोध’ लागला असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक धनगर, ठाकूर आणि कातकरी समाजाची माणसे या डोंगरावर व त्याच्या उतारांवर कितीतरी आधीपासून वावरत होती. गुरे चारणे, मध आणि हिरडा गोळा करणे, सरपण व शिकार यांसाठी त्यांनीच या डोंगराच्या वाटा पाडल्या होत्या. शार्लोट तलावाजवळचे पिसारनाथाचे मंदिर हे येथील ग्रामदैवत मानले जाते. साहेबाने शोध लावला तो डोंगराचा नव्हे, तर त्याच्या नव्या उपयोगाचा.

मॅलेट, एल्फिन्स्टन आणि वसाहत

ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम मे १८५० मध्ये डोंगराच्या दक्षिण पायथ्याच्या चौक गावी होता. ऐन उन्हाळ्यात ते गावच्या पाटलाला सोबत घेऊन आज ‘वन ट्री हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकाजवळच्या घळीतून वर चढले आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. माथ्यावरची झाडी, वारा आणि झरे पाहून हवा पालटण्यासाठी ही जागा योग्य असल्याची त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा आले, वाटा आखल्या आणि घर बांधण्यास सुरुवात केली. ‘द बाइक’ या नावाने ओळखले जाणारे ते माथेरानवरील पहिले घर होय. मॅलेट यांच्या नावाचा झराही येथे आहे.

१८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला भेट दिली. राज्यकर्त्याचे पाऊल उमटताच गिरिस्थानाचे भाग्य उजळले. रस्त्यांची आखणी झाली, बंगल्यांसाठी जागा दिल्या गेल्या, आणि मुंबईतील इंग्रज अधिकाऱ्यांपाठोपाठ पारशी, बोहरी, खोजा व गुजराती धनिकांनीही येथे घरे बांधली. रुंद व्हरांडे, उतरती छपरे आणि जांभ्याच्या दगडी भिंती असलेले हे बंगले आजही झाडीत अधूनमधून दिसतात. काही हॉटेले झाली, काही वारसांच्या वादात मोडकळीस आली.

या विकासाला रेल्वेचा मोठा हातभार लागला. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि नेरळ स्थानक मुंबईशी जोडले गेले. त्याआधी मुंबईहून माथेरान गाठायचे म्हणजे होडी, बैलगाडी आणि पालखी असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. रेल्वे आल्यावर नेरळपर्यंतचा प्रवास काही तासांवर आला. तेथून वर मात्र घोडे, पालख्या आणि हमाल हाच आधार होता. १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली आणि गिरिस्थानाचा कारभार रीतसर सुरू झाला.

डोंगर चढणारी गाडी

नेरळ ते माथेरान ही गाडी उभी राहिली ती मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यामुळे. पीरभॉय माथेरानला वरचेवर येत असत. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी लोहमार्गाची योजना हाती घेतली. बांधकामाला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. १९०७ मध्ये मार्ग वाहतुकीस खुला झाला.

या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. सुमारे २१ किलोमीटरच्या प्रवासात गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास उंची चढते. काही ठिकाणी चढ वीसास एक इतका तीव्र आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते. साध्या चाकांच्या गाडीला याहून अधिक चढ झेपणे कठीण असते. दातेरी रूळ न वापरता एवढी उंची गाठायची असल्याने मार्ग नागमोडी आखावा लागला आणि त्यात २००हून अधिक वळणे आली. इतक्या तीव्र वळणांसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिने मागवण्यात आली होती. त्यांच्या पुढच्या व मागच्या आसांना वळणाबरोबर सरकण्याची मोकळीक होती. पुढे वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली.

नेरळहून सुटल्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. वाटेत एकच छोटा बोगदा आहे. तो इतका आखूड आहे की प्रवाशांनी त्याला गमतीने ‘वन किस टनेल’ असे नाव दिले. साधारण दोन-अडीच तासांच्या या प्रवासात वेगाची अपेक्षा ठेवू नये. खिडकीबाहेर पाहण्यातच त्याचे सार्थक आहे.

या मार्गाचे सर्वांत मोठे शत्रू म्हणजे पाऊस आणि दरड. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची दाणादाण उडाली आणि गाडी पुन्हा धावण्यास २००७ साल उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर वाहतूक थांबवण्यात आली. ती पूर्ववत होण्यास २०१८ चा जानेवारी उजाडला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच ठेवला जातो. अमन लॉज ते माथेरान ही शटल मात्र चालते. भारतातील दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या पर्वतीय रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानची गाडी त्या यादीच्या प्रतीक्षेत असलेल्या स्थळांमध्ये नोंदलेली आहे.

मोटारीविना गाव

माथेरानचे खरे वेगळेपण त्याच्या शांततेत आहे. येथे खासगी मोटारी, दुचाकी व बसना प्रवेश नाही. नेरळहून घाटरस्त्याने वर येणारी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर आहे. हे अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटलने कापावे लागते. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन यांचाच काय तो अपवाद. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळे नवी बांधकामे, झाडतोड, खाणकाम यांवर बंधने आली.

मोटार नसलेल्या गावाचा रोजचा व्यवहार मात्र माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर चालतो. भाजी, दूध, गॅसचे सिलिंडर, सिमेंट, पर्यटकांच्या बॅगा या साऱ्या वस्तू दस्तुरीवरून हमाल, घोडे आणि हातगाड्या यांच्या साहाय्याने आत येतात. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आतच आहे. ही कामे करणारे अनेक जण मात्र डोंगरउतारावरील आदिवासी वाड्यांतून रोज पायी चढून येतात. एप्रिल-मे हा त्यांच्या कमाईचा हंगाम. पावसाळ्यात आठवड्यामधल्या दिवशी बाजारपेठ ओस पडते, तेव्हा याच दोन महिन्यांच्या शिलकीवर घर चालते.

या व्यवस्थेतील सर्वांत अवघड प्रश्न हातरिक्षांचा होता. माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही पद्धत देशात अन्यत्र बहुतांशी संपुष्टात आली, तरी माथेरानमध्ये ती टिकून राहिली. चढउताराच्या मातीच्या रस्त्यावर दोन-तीन माणसे मिळून एक रिक्षा ढकलत आणि ओढत. रिक्षाचालकांनीच इ-रिक्षांची मागणी लावून धरली. शाळेत जाणारी मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांचीही त्यामुळे सोय होणार होती. उलट घोडेवाल्यांना आपल्या पोटावर पाय येण्याची भीती वाटत होती. इ-रिक्षा आज आल्या तर उद्या मोटारी येतील, अशी शंका काही पर्यावरणप्रेमींनाही होती.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर इ-रिक्षांना परवानगी दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या प्रत्यक्ष धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने रिक्षा ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ज्यांचा रोजगार जाईल, त्या रिक्षाचालकांनाच इ-रिक्षा मिळाव्यात आणि निधीचा अभाव हे कारण पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास न्यायालयाने अनुमती दिली. अंतर्गत वाटांवर मात्र ते नकोत, असे स्पष्ट केले.

रस्त्याचा हा वाद वरवर क्षुल्लक भासला, तरी त्याला दोन बाजू आहेत. उघड्या लाल मातीची उन्हाळ्यात धूळ उडते, पावसाळ्यात ती वाहून जाते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. घोड्यांच्या लिदीची धूळ श्वसनाला त्रास देते. दुसरीकडे, सिमेंटचे आच्छादन वाढले की पाणी मुरत नाही, घोड्यांचे पाय घसरतात आणि रानवाटेचे रूपांतर शहरी पदपथात होते. मोटारबंदीचे तत्त्व जपायचे आणि तेथील माणसांचे जगणेही सुसह्य करायचे, असा हा दुहेरी पेच आहे.

काय पाहावे

माथेरानच्या कड्यांवरील टोकांना ‘पॉइंट’ म्हणण्याची रीत पडली आहे. त्यांची संख्या पस्तीसच्या वर सांगितली जाते. एका दिवसात सगळे पॉइंट उरकण्याचा अट्टहास करू नये. दोन-तीन निवडून तेथे निवांत बसणे अधिक आनंदाचे.

सूर्योदयासाठी उत्तरेकडील पॅनोरमा पॉइंट उत्तम. बाजारपेठेपासून तो लांब असल्याने पहाटे लवकर निघावे लागते. तेथून नेरळ, उल्हास खोरे आणि निरभ्र पहाटे मुरबाडच्या बाजूचे डोंगर दिसतात. सूर्यास्तासाठी पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉइंटवर गर्दी होते. लुईझा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड जणू हाताच्या अंतरावर असल्याचा भास होतो. एको पॉइंटवर हाका मारण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. पण तेथील शांतता ऐकण्याजोगी आहे, हे कमी जणांच्या लक्षात येते. दक्षिणेकडील वन ट्री हिल आणि चौक पॉइंट येथून मॅलेट ज्या बाजूने चढले तो उतार पाहता येतो. पूर्वेकडील गार्बट पॉइंट दूर आणि तुलनेने निर्जन आहे.

शार्लोट तलाव हा गावाच्या पाणीपुरवठ्याचा जुना आधार. पायथ्याच्या उल्हास नदीतून पाणी वर चढवण्याची योजनाही आहे. हे पाणी आठशे मीटर वर ढकलण्यास किती वीज लागते, याची कल्पना केली तर हॉटेलातील नळ उघडा सोडताना हात आखडेल. उन्हाळ्यात तलाव खाली गेलेला असतो. पिण्याचा साठा असल्याने त्यात उतरणे वा कचरा टाकणे सर्वस्वी टाळावे.

माथेरानचे रान हे सदाहरित व निमसदाहरित झाडांचे आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे येथे दाटीने आढळतात. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे आणि जांभळे पिकतात, आणि वाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणांत ती विकायला बसतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या झाडीत सकाळच्या वेळी दिसू शकतो. कस्तुर पक्ष्याची शीळ आणि स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी हे पक्षीनिरीक्षकांचे खास आकर्षण. माकडांचा उपद्रव मात्र मोठा आहे. त्यांना खाऊ घालण्याच्या हौसेमुळेच तो वाढला. हातात खाद्यपदार्थांची पिशवी उघडी ठेवू नये. बाजारपेठेत चिक्की, मध आणि चामडी चपला यांची दुकाने जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत.

माथेरान ते सिद्धगड

माथेरानच्या इतिहासात साहेबांची आणि धनिकांची नावे ठळक आहेत. कड्यांच्या टोकांनाही त्यांचीच नावे मिळाली. परंतु या गावाने देशाला दिलेले सर्वांत मोठे नाव एका नाभिक कुटुंबातील आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. गरिबीतून शिकून ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषवले. पायथ्याच्या खेड्यांतील आदिवासी व शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडत असल्याचे पाहून त्यांनी धान्यकोठारे उभारली आणि मुलांसाठी शाळा काढल्या.

१९४२ च्या चले जाव आंदोलनात कोतवाल भूमिगत झाले. कर्जत-मुरबाड परिसरातील शेतकरी व आदिवासी तरुणांना घेऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडून कारखाने आणि रेल्वे ठप्प करणे हा त्यांचा डाव होता. अनेक मनोरे कोसळले आणि सरकार हादरले. पोलिसांचा ससेमिरा चुकवीत दस्ता मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात आश्रयाला गेला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तळाला वेढा घातला. गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावरील स्मारकापाशी हुतात्म्यांना अभिवादन केले जाते.

माथेरानला येणाऱ्या पर्यटकाने पूर्वेकडे दिसणाऱ्या सह्याद्रीच्या रांगेकडे पाहताना एवढे आठवावे, की या गिरिस्थानावर जन्मलेला एक माणूस समोरच्या त्या डोंगरात धारातीर्थी पडला. माथेरान आणि मुरबाड यांना जोडणारा हा धागा कोणत्याही पॉइंटच्या नामफलकावर सापडत नाही.

परतीच्या वाटेवर

शहापूर-मुरबाडमार्गे परतणाऱ्यांना सहलीचा एक दिवस वाढवता येतो. नेरळहून कळंबमार्गे म्हसा गाठता येते. म्हसा येथील पौष पौर्णिमेची यात्रा आणि जनावरांचा बाजार सर्वदूर ख्यात आहे. उन्हाळ्यात मात्र ते एक शांत गाव असते. म्हशाजवळून सिद्धगडाच्या पायथ्याकडे फाटा फुटतो. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्याच्या क्षेत्रात येतो. उन्हाळ्यात गड चढण्याचे साहस अनुभवी गिर्यारोहकांनीच पहाटे करावे; इतरांनी स्मारकाचे दर्शन घेऊन परतणे इष्ट. मुरबाडहून पुढे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आहे आणि त्याच वाटेवर वैशाखरे येथून सातवाहनकालीन नाणेघाटाची पायवाट सुरू होते.

शहापूरच्या बाजूला आसनगावजवळचा माहुली किल्ला उंचीने माथेरानहून थोडा सरसच आहे. १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांना याच किल्ल्यावर शरणागती पत्करावी लागली. १६६५ च्या पुरंदर तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परतला. माहुलीचे गिरिस्थान झाले नाही. ते रान अजूनही रानच आहे. माथेरानचा अनुभव पाहता, ही उणीव न मानता ठेव मानावी.

कसे जावे, काय काळजी घ्यावी

रेल्वेने : मुंबई, ठाणे, डोंबिवली येथून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावे. शहापूरकडच्या प्रवाशांनी आसनगावहून लोकलने कल्याणला येऊन गाडी बदलावी. मुरबाडला रेल्वे नसल्याने एसटीने कल्याण अथवा बदलापूर गाठावे. नेरळहून छोट्या गाडीच्या फेऱ्या आणि जागा मर्यादित असतात. सुटीच्या दिवशी त्या लवकर भरतात. वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, म्हणून निघण्यापूर्वी रेल्वेकडून खात्री करून घ्यावी.

रस्त्याने : नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत सामायिक टॅक्सी मिळतात. घाट अरुंद व तीव्र वळणांचा आहे. स्वतःची मोटार नेणाऱ्यांनी पहिल्या गिअरमध्ये चढण्याची आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याची तयारी ठेवावी. मे महिन्यातील शनिवार-रविवारी वाहनतळ भरून नेरळपर्यंत रांगा लागतात. शक्यतो मधले वार निवडावेत. दस्तुरी येथे नगरपालिकेचा प्रवासी कर भरावा लागतो.

घोडा व हमाल : दर आधी विचारून ठरवावेत. घोडेस्वारी करताना शिरस्त्राण मागून घ्यावे आणि मोकळ्या रस्त्यावरही घोडा दौडवू नये. यापूर्वी असे अपघात झालेले आहेत.

मुक्काम : महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान दस्तुरीजवळ असून गावात जुन्या बंगल्यांपासून साध्या घरगुती खोल्यांपर्यंत सोय होते. हंगामात आगाऊ नोंदणी आवश्यक. घरगुती मुक्कामात पैसा थेट स्थानिक कुटुंबाच्या हाती जातो.

आरोग्य व सुरक्षितता : पायात मजबूत, न घसरणारे बूट असावेत. लाल धुळीमुळे दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर रुमाल व औषध जवळ बाळगावे. बऱ्याच कड्यांना कठडे नाहीत. छायाचित्रासाठी टोकावर जाण्याचा धोका पत्करू नये. गार्बट, रामबाग, वन ट्री हिल या पायवाटांवर उन्हाळ्यात पाणी मिळत नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी सोबत ठेवावे. मेअखेरीस वळवाच्या सरी सुरू झाल्या की कातळ निसरडे होतात. याच रांगेतील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. पावसाळ्यात या उतारांवर भटकंती करणाऱ्यांनी त्या दुर्घटनेचे भान ठेवावे.

कचरा : डोंगरावर आलेली प्रत्येक प्लास्टिकची बाटली कोणाच्या तरी पाठीवरून खाली न्यावी लागते, अन्यथा ती कड्यावरून दरीत जाते. खाली वाड्या आहेत आणि त्यांचे झरे आहेत. आपला कचरा आपल्याच पिशवीतून नेरळला उतरवणे हे पर्यटकाला सहज शक्य असलेले सर्वांत उपयुक्त काम आहे.

मॅलेट यांनी १८५० मध्ये पाहिलेले रान आज आक्रसले आहे, तरी संपलेले नाही. मोटारीला दारातच थांबवण्याचा निर्णय या गावाने टिकवला म्हणून मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर झाडांची सळसळ अजून ऐकू येते. त्या निर्णयाची किंमत हमालांनी, रिक्षा ओढणाऱ्यांनी आणि वाड्यांवरच्या माणसांनी आजवर मोजली. त्यांना मानाचे काम आणि पुरेसे पाणी मिळाले, तरच हे रान पुढल्या पिढीपर्यंत पोहोचेल.